दुसरा रुमाल

विश्रांतवाडीला त्यांच्या घरामागे पत्र्याची एक शेड होती. शेडच्या दारात स्टूल आणि स्टुलावर बिस्किटांचा जुना डबा. आत जाण्यापूर्वी खिशातला रुमाल काढायचा, त्याला आपल्या नंबराचा पितळी बिल्ला अडकवायचा आणि तो त्या डब्यात टाकायचा. बिल्ला पहिल्याच दिवशी मिळे. माझा नंबर सात. परत जाताना बिल्ला ठेवून रुमाल घ्यायचा. या, बसा, पाणी घेणार का, असलं काही तिथे नव्हतं. दारात सावली पडली की लेथ यंत्रावर वाकलेली मान न वळवता ते एवढंच विचारत, "रुमाल?"

त्यांच्याकडे लाकडी पेन करायला शिकलेले आम्ही वीस-बावीस जण आहोत. आजही दोघेतिघे भेटलो की ती गोष्ट निघतेच. जन्मभर दुसऱ्यांचे रुमाल जप्त करणारा हा माणूस एके दिवशी स्वतःच सुती फडकं घेऊन ग्लू लावायला उभा राहिला आणि बोटं भाजून बसला. सगळे हसतात. प्रेमानंच हसतात. त्या हसण्यात मीही असतो.

ती गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातले ते आता नाहीत.

मी सरकारी खात्यात आरेखक होतो. सगळा जन्म टेबलावर वाकून नकाशे काढण्यात गेला. निवृत्त झाल्यावर सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत दिवसभर करायचं काय, म्हणून कुणीतरी त्यांचं नाव सांगितलं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "भीती वाटते का?"

"नाही," मी म्हणालो. नवीन जागी माणूस दुसरं काय म्हणणार?

"मग घरी जा. इथे घाबरणारा माणूस लागतो."

मी खरोखरच फाटकापर्यंत गेलो. तिथून परत येऊन म्हणालो, "वाटते."

"कशाची?"

समोर लेथ घरघरत होतं. मी म्हणालो, "तुमची."

ते हसले नाहीत. "चुकीचं उत्तर आहे. पण या," म्हणाले.

त्या वेळी मला तो विनोद वाटला होता.

ते खडकीला लष्कराच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं टर्नर होते. तिथली शिस्त त्यांनी घरी आणली होती, पण उलटी करून. "तिथे सुती सोडून काही घालू देत नसत, इथे सुती सोडून सगळं चालेल," असं ते सांगत. भर एप्रिलात, पत्र्याखाली, अंगात नायलॉनचा शर्ट आणि टेरिलीनची पँट. बनियनसुद्धा नाही. घामाचा वास यायचा. एकदा एका बाईंनी दबकत खिडकी उघडू का असं विचारलं, तेव्हा म्हणाले, "वासानं कुणी मेलेलं मी पाहिलं नाही. उघडा."

कारण असं होतं. पेनाच्या लाकडाला काचेसारखी चकाकी आणायला ते वापरत तो ग्लू पाण्यासारखा पातळ, क्षणात चिकटणारा, घरात कपाचा तुटका कान जोडायला आपण वापरतो त्याच जातीचा. कागदाच्या घडीवर त्याचे दोन थेंब घ्यायचे, फिरत्या लाकडाखाली ती घडी धरायची आणि डावीकडून उजवीकडे एकदाच, न थांबता, न दाबता न्यायची. थांबलात तर कागद लाकडाला चिकटतो, दाबलंत तर थर ओरबाडला जातो. तीन सेकंदांचं काम. मग वाट पाहायची. मग पुन्हा. असे बारा-पंधरा थर. पण हाच ग्लू सुती कापडात भिजला की पेट घेतल्यासारखा तापतो, पांढरा धूर निघतो. हे ते पहिल्या दिवशी प्रत्येकाला सांगत. दाखवत मात्र कधीच नसत. "दाखवून काय करू? एकदा पाहिलं की माणसाला वाटतं, आता आपल्याला कळलं."

भीतीबद्दल त्यांची एक अर्धीच गोष्ट होती. सरकारी नोकरी लागण्याआधी ते एका छोट्या वर्कशॉपात उमेदवारी करत होते, तिथे त्यांच्या शेजारच्या लेथवर एक जण होता. "फार कसबी हात होता. आणि अजिबात घाबरत नसे," एवढं सांगून ते थांबत आणि कामाला लागत. पुढे काय झालं ते कुणी विचारलं नाही. विचारायची भीती वाटे.

त्यांना हाक काय मारायची हाही माझा प्रश्नच होता. बाकीचे काका म्हणत. मी त्यांच्यापेक्षा दहाच वर्षांनी लहान, मला ते जमेना. मी नुसतं "अहो" म्हणत असे. महिनाभर त्यांनी ते ऐकून घेतलं आणि मग सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो अहो काय करताय? मी काय तुमचा नवरा आहे?" शेडमध्ये हसू पसरलं. तेव्हापासून मी त्यांना काहीच म्हणेनासा झालो.

लाकूड विकत आणणं त्यांना मान्य नव्हतं. पावसाळ्यात कुठे झाड पडलं असं कळलं की ते स्कूटरवरून पिशवी आणि करवत घेऊन जायचे. रस्ता मोकळा करणाऱ्या माणसांशी हुज्जत घालून हातभर फांदी मिळवायचे. आळंदी रस्त्यावरचा गुलमोहर, विमानतळाजवळची चिंच, कुठल्या तरी सोसायटीतला फणस. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीनं रस्त्याचं नाव. लोक विचारत, "काका, हे पेन कशाचं?" ते सांगत, "टिंगरे नगरचं."

पेन झालं की ते खिडकीशी नेत. डोळ्याला भिंग लावत, पण भिंगाचा उपयोग नंतर. आधी डाव्या हाताची तर्जनी. हातमोजा काढून, डोळे मिटून ते बोट पेनावरून एकदा फिरवत आणि सांगत, "सातव्या थरापाशी घाई केलीत," किंवा "इथे श्वास सोडलात." ग्लूवर श्वास पडला तर त्यातल्या ओलाव्यानं पांढुरकी झाक येते, पण ती बोटाला कशी कळे ते मला कधी समजलं नाही. आमच्यातला एक संगणकवाला म्हणायचा, "काका, तुमच्या फिंगरमध्ये सेन्सर आहे." त्यावर ते म्हणत, "आहे. आणि त्याला चार्जिंग लागत नाही."

आणखी एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. रंग खालचं झाकतो. ग्लू झाकत नाही. धुळीचा कण, केस, करवतीचा ओरखडा, जे खाली राहील ते पंधरा थरांनंतर अधिकच स्पष्ट दिसेल, आणि मग ते काढता येणार नाही.

मला चकाकी जमत नव्हती, हे आता सांगितलं पाहिजे. लाकूड छान उतरायचं, आरेखकाचा हात होता. पण थर लावायला घेतले की हात मध्येच थांबायचा. डोळ्यांना वाफा झोंबायच्या, पाणी यायचं, नाक वाहायला लागायचं आणि पुसायला रुमाल डब्यात. इतरांच्या नजरेत यायला नको म्हणून मी शर्टाच्या बाहीला डोळे पुसत असे. तेही त्यांनी पाहिलं. "बाही सुती आहे," म्हणाले आणि मला अर्धा तास बाहेर उभं केलं. एकसष्टीच्या माणसाला.

त्यानंतर मी दोन रुमाल नेऊ लागलो. एक डब्यात, बिल्ला लावून. दुसरा पँटच्या मागच्या खिशात.

माझे रुमाल माझी बायको घरीच शिवायची, जुन्या धोतराचे. धोब्याकडे बदलू नयेत म्हणून कडेला निळ्या दोऱ्याची टीप घालायची. धुऊन धुऊन ते इतके विरळ झाले होते की कागदासारखे वाटत.

त्या दिवशी बुधवार होता. शनिवारच्या वर्गाखेरीज मला एकट्याला बुधवारी सकाळी यायची परवानगी मिळाली होती, कारण तीन वेळा माझं एकच पेन फसलं होतं. बाभळीचा गाभा, काळसर तांबडा. तीनदा थर चढवले, तीनदा घासून काढावे लागले. ते म्हणाले, "आता शेवटचं मी दाखवतो. तुम्ही फक्त कागद द्या." आदल्या शनिवारी मला एक काम सांगितलं होतं: येताना कागदाचा रोल आणा, इथला संपत आलाय. सोमवारी फोन करून आठवण करून दिली. मंगळवारी पुन्हा दिली.

मी विसरलो.

दारात पाऊल टाकल्यावर आठवलं. "रुमाल?" त्यांनी विचारलं. मी बिल्ला लावून रुमाल डब्यात टाकला. "कागद आणलात?" "आणलाय," मी म्हणालो. असं का म्हणालो ते आजही सांगता येणार नाही. जुन्या रोलचे सहा-सात तुकडे शिल्लक होते, तेवढ्यात भागेल असं वाटलं असेल. त्यांनी परत घरी पाठवलं असतं तर काय झालं असतं? काहीही नाही. बसनं जाऊन मी कागद घेऊन आलो असतो.

ते लेथपाशी उभे होते, हातात निळे रबरी मोजे, उजव्या हातात ग्लूची बाटली. मी मागे. त्यांची पद्धत अशी की नजर फिरत्या लाकडावरून हलवायची नाही. डावा हात मागे येई, "कागद" म्हणत, आणि मी घडी त्या तळव्यावर ठेवायची. पहिला थर. थांबले. दुसरा. थांबले. सहाव्यापर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. लाकूड आतून पेटल्यासारखं दिसायला लागलं होतं. ते म्हणाले, "आता बघा, इथून पुढे ते तुमच्याकडे बघायला लागेल."

डावा हात मागे आला. "कागद."

कागद संपला होता.

हात हवेत तसाच. "कागद!"

मला त्या हाताची भीती वाटली. संपला, आणलाच नाही, खोटं बोललो, यातलं एकही वाक्य तोंडातून निघेना. मी मागच्या खिशातला रुमाल काढला, दातांनी धरून त्याची एक पट्टी टरकन फाडली, घडी केली आणि त्यांच्या तळव्यावर ठेवली. लेथच्या आवाजात फाडण्याचा आवाज त्यांना ऐकू गेला नाही. हातात मोजे होते म्हणून त्या बोटांनाही कळलं नाही. मला वाटलं, दोनच तर थेंब आहेत. आणि खरं सांगायचं तर, सुती कापडाचं ते सगळं त्यांचं खूळ आहे असंही मला आतून वाटत होतं. वर्षभर दर शनिवारी ऐकलं होतं, पाहिलं कधीच नव्हतं.

घाबरणारा माणूस त्यांना मिळाला होता. फक्त त्याची भीती भलत्या ठिकाणी होती.

आधी धूर आला. पांढरा, बारीक, त्यांच्या बोटांमधून. मग वास. पट्टी लाकडाला चिकटली आणि हात आत ओढला गेला. ते ओरडले नाहीत. उजवा गुडघा लेथखालच्या लाल बटणावर आपटला. ते बटण त्यांनी स्वतः तिथे बसवलं होतं, आणि दर शनिवारी वर्ग सुरू होण्याआधी ते गुडघ्यानं दाबून पाहायचे. आम्ही त्यालाही हसायचो. लेथ थांबलं. मोजा वितळून तर्जनीला आणि मधल्या बोटाला बसला होता, त्यावर काळी पडलेली पट्टी. "पाणी," ते म्हणाले, साध्या आवाजात. मी बाहेर नळावर धावलो.

बादली घेऊन येतो तोवर आवाज ऐकून त्यांचा मुलगा घरातून आला होता. त्यानं हात पाण्यात धरला. धुरानं तिघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पाण्यात कापडाचा जळका तुकडा सुटून वर आला.

"बाबा, हे कापड आहे!" मुलगा म्हणाला. "कापड कुठून आलं?"

मग तो माझ्याकडे वळला. नुसता वळला, काही विचारलंही नव्हतं. मी म्हणालो, "मी बाहेर होतो. नळावर."

मुलानं दारातला डबा उघडला. सात नंबरचा बिल्ला, त्याला लावलेला रुमाल, अखंड. तो तसाच ठेवून त्यानं डबा बंद केला. "काकांचा रुमाल तर इथेच आहे. बाबा, चष्मा पुसायचं फडकं आणलंत का तुम्ही आत?"

मागच्या खिशात उरलेला रुमाल होता. तो मला विस्तवासारखा लागत होता. त्यांनी बादलीतून मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. आता बोलतील, आता बोलतील.

"हो," ते मुलाला म्हणाले. "ते बाहेर होते."

जखम महिन्याभरात भरली. कातडी आली, गुळगुळीत, गुलाबी. पण तर्जनीच्या टोकाला स्पर्श कळेनासा झाला. मुलगा वाईट नाही. वडील स्वतःचाच नियम विसरले म्हणजे वय झालं, उद्या आणखी काय विसरतील, असं त्याला वाटलं. त्याच्या जागी कुणालाही वाटलं असतं. दिवाळीनंतर लेथ विकलं. टेम्पो आला त्या दिवशी माणसं कमी पडली म्हणून त्यानं मला फोन केला. मी गेलो. लेथची एक बाजू मी धरली. ते स्टुलावर बसले होते, मांडीवर रिकामा डबा. टेम्पो वळला तेव्हा एवढंच म्हणाले, "सावकाश. पुढे स्पीडब्रेकर आहे."

त्यानंतर ते पाच वर्षं होते. मी दर महिन्याला जायचो. बसमधून उतरल्यावर त्यांच्या फाटकापर्यंत सात-आठ मिनिटांचा रस्ता आहे. तेवढ्या वेळात वाक्य तयार करायचो: तो रुमाल माझा होता. फाटकाला हात लावला की वाक्य जायचं आणि भीती यायची, आज ते स्वतःच विषय काढतील. त्यांनी कधीच काढला नाही. चहा यायचा. गरम कपाला ते डावी तर्जनी टेकवून बसायचे, आपण ओरडून सांगावं इतका वेळ, आणि त्यांना कळायचं नाही. मला विचारायचे, "डोळे बरे आहेत ना आता तुमचे?"

शिष्यमंडळींच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर तोवर ती गोष्ट रुळली होती. कुणी नवीन माणूस लाकूडकामाबद्दल विचारायला आला की कुणीतरी लिहायचं, "रुमाल डब्यात ठेवा, नाहीतर काका व्हाल." खाली हसरे चेहरे. मीही एकदा असा चेहरा टाकला. ते त्या ग्रुपवर होते.

ते गेल्यावर आम्ही सगळे त्यांच्या घरी जमलो. ती गोष्ट तिथेही कुणीतरी सांगितली, त्यांच्या फोटोसमोर. निघताना त्यांच्या सूनबाईंनी मला बाजूला बोलावून एक पुडकं दिलं. "बाबांनी तुमच्यासाठी ठेवलं होतं. वर सात लिहिलंय, म्हणजे तुम्हीच ना काका?"

घरी येऊन सोडलं. बाभळीचं पेन. लेथ नव्हतं, तरी त्यांनी ते पुरं केलं होतं, हातानं फिरवत, थरावर थर. स्पर्श नसलेल्या बोटानं किती महिने लागले असतील ते मला माहीत नाही. चकाकी अशी की खिडकीचे गज त्यात सरळ दिसत होते. मधोमध, सहाव्या थराच्या वर आणि बाकीच्यांच्या खाली, बोटाच्या पेराएवढा निळा दोरा होता. एका टोकाला जळका. घासून काढणं त्यांना सहज शक्य होतं. माझे तीन वेळचे थर आम्ही काढलेच होते की.

ती भेट होती, शिक्षा होती की नुसतं काम अर्धवट राहू नये म्हणून पुरं केलं होतं, याचा मी तीन वर्षं विचार केला. पेन कपाटात कपड्यांखाली ठेवलं. बायकोला दाखवलं नाही, तिनं टीप ओळखली असती. मागच्या वर्षी तीही गेली.

गेल्या महिन्यात पेन खिशात घालून विश्रांतवाडीला गेलो. शेडमध्ये आता दोन स्कूटर उभ्या असतात. मुलगाही आता साठीला टेकलाय. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं आणि पेन त्याच्या हातात दिलं. तो ते उजेडात धरून फिरवत राहिला. निळ्या दोऱ्यावर त्याचा अंगठा येऊन थांबला.

"मी त्यांना स्वयंपाकघरात गॅस लावू देत नव्हतो," तो म्हणाला. "पाच वर्षं. विसरतात म्हणून."

त्यानं दोऱ्यावरचा अंगठा काढला.

"लेथ न्यायच्या दिवशी तुम्ही हात लावला होतात ना, काका?"

"हो."

त्यानं पेन मला परत दिलं. "मला सांगून काय उपयोग? ज्यांच्यात बसून हसलात त्यांना सांगा."

फाटकापर्यंत तो सोडायला आला नाही. पाच वर्षं ज्या रस्त्यानं जाताना भीती वाटायची, त्याच रस्त्यानं परत येताना ती कमी झाली नव्हती. फक्त आता ती योग्य ठिकाणी होती.

म्हणून हे त्याच पेनानं लिहिलं. उद्या सकाळी ग्रुपवर टाकणार आहे. ते काहीही विसरले नव्हते. त्यांनी कागद मागितला होता आणि न बघता हात मागे केला होता, कारण मागे मी उभा होतो. रुमाल माझा होता. डब्यातला नव्हे, दुसरा.